लँडस्केपच्या प्रिंटमधली माणसं कुठे गेली?

पौड रस्त्यावरच्या नव्या कॅफेत किंवा रिसॉर्टच्या लॉबीत भिंतीवर एक प्रिंट बऱ्याचदा दिसते. काळीपांढरी, मोठी, कडेनं भरपूर कोरी जागा सोडून फ्रेम केलेली. एक निष्पर्ण झाड, मागे उघडा खडक, वर जवळजवळ काळं आकाश. माणूस नाही, पायवाट नाही, विजेचा खांब नाही. बघणाऱ्याला वाटतं हे राजस्थान असेल, नाहीतर अमेरिकेतलं वाळवंट. पण झाड कांडोळाचं असेल, तर ते आपल्या सह्याद्रीच्या उतारावरचंही असू शकतं. कांडोळाला काही ठिकाणी भुत्या म्हणतात, कारण पांढुरक्या खोडामुळे ते चांदण्यात भुतासारखं उभं दिसतं. उन्हाळ्यात पान नसतं, पावसाळ्यात तेच झाड हिरवंगार होतं. मार्च ते मे या दिवसांत फोटो काढला की मुळशीचंसुद्धा वाळवंट करता येतं.

मी कासार आंबोलीत राहते, पिरंगुट आणि पौडच्या मध्ये. माझं संशोधन देवस्थानांच्या जागांच्या छायाचित्रांवर आहे: देवराया, शेंदूर फासलेले खडक, तांदळे. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताय किंवा सिनॉप्सिस लिहिताना अडलाय, त्यांच्यासाठी ही पोस्ट आहे. अशी एखादी प्रिंट समोर आली तर तिच्यावर समीक्षा म्हणून काय लिहायचं? ‘सुंदर आहे’ हे लिहून भागत नाही आणि ‘वसाहतवादी नजर आहे’ एवढं लिहूनही भागत नाही. दुसरं वाक्य पहिल्याइतकंच आळशी आहे, फक्त त्याला तळटीप जोडता येते.

माझं म्हणणं आधीच सांगते. पवित्र खडक आणि एकाकी झाडं यांच्या प्रिंट्समध्ये माणूस नसतो, तो बहुतेक वेळा वेगळ्या चित्रात ठेवलेला असतो. जागा एका अल्बममध्ये, माणसं दुसऱ्या अल्बममध्ये. ही वाटणी कुठे झाली ते पुराव्यानं दाखवता येतं. कधी कॅमेरा लावताना झालेली असते, कधी मथळा लिहिताना, कधी डार्करूममध्ये. तो टप्पा नेमका सांगता आला तर तुमच्या प्रकरणाला वजन येतं.

या प्रकारच्या फोटोग्राफीचं मूळ अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटात आहे, म्हणून तिथूनच एक जोडी घेऊया. कॅन्यन डी शे नावाची दरी आज अ‍ॅरिझोनामध्ये, नावाहो लोकांच्या भूमीत आहे. लाल वालुकाश्माचे उभे कडे आणि एका कड्याच्या कोनाड्यात जुन्या वस्तीचे अवशेष. टिमथी ओ'सुलिव्हन यांनी १८७३ साली लेफ्टनंट जॉर्ज व्हीलर यांच्या सरकारी सर्वेक्षणासाठी तिथला फोटो काढला. सुमारे सात दशकांनी, १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला, अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी जवळजवळ त्याच जागेवरून तोच कडा टिपला. ओ'सुलिव्हनची चित्रं त्यांना आधीपासून माहीत होती.

दोन्ही प्रिंट्स शेजारी ठेवून बघा. इंटरनेटवर दोन्ही चांगल्या प्रतीत मिळतात. ओ'सुलिव्हनच्या चित्रात अवशेषांमध्ये माणसं उभी आहेत. मुंगीएवढी, शोधावी लागतात, पण आहेत. ती सापडली की कड्याची उंची एकदम अंगावर येते. अ‍ॅडम्सच्या चित्रात फक्त दगड आणि प्रकाश. कड्यावरून खाली उतरलेले काळे पट्टे एखाद्या कापडासारखे वाटतात. मला विचाराल तर अ‍ॅडम्सची प्रिंट डोळ्याला जास्त सुखावते आणि ओ'सुलिव्हनची जास्त सांगते. सर्वेक्षणाच्या कामावरच्या माणसाला मोजमाप हवं होतं, म्हणून त्यानं माणसं राहू दिली. अ‍ॅडम्सना मोजमाप नको होतं, काळाच्या पलीकडचं काहीतरी हवं होतं.

पण इथे थांबलात तर ओ'सुलिव्हन उगाच नायक ठरतो. त्याचा मथळा बघा. त्यात ‘प्राचीन अवशेष’ आहेत, दरीच्या तळापासून कोनाडा ५० फूट वर आहे ही माहिती आहे. दरीत राहणाऱ्या नावाहोंचं नाव त्यात नाही. आणि १८७३ या सालाच्या नऊच वर्षं मागे जा. १८६४ मध्ये किट कार्सनच्या मोहिमेत अमेरिकी सैन्यानं नावाहोंना घरांतून हुसकलं, शेकडो मैल चालवत बॉस्के रेडोंडोला नेलं. त्याच वर्षी या दरीतली त्यांची पीचची झाडं सैनिकांनी हजारोंच्या संख्येनं तोडली. १८६८ च्या तहानंतर लोक परत आले. म्हणजे कॅमेरा दरीत पोचला तेव्हा तिथे बागा होत्या, बागा तुटल्या होत्या आणि माणसं पुन्हा उभी राहत होती. आज आपण त्या प्रिंटकडे बघून ‘वाळवंटातला भव्य खडक’ म्हणतो. त्या वाळवंटात फळबागा होत्या हे प्रिंटवरून कधीच कळणार नाही.

आता खरी गंमत, आणि संशोधक म्हणून तुम्हाला ही लक्षात ठेवण्यासारखी आहे. ओ'सुलिव्हननं नावाहोंचे फोटो काढलेच नाहीत असं नाही. त्याच १८७३ च्या मोहिमेत त्यानं फोर्ट डिफायन्सजवळ नावाहो कुटुंबाचा, मागाजवळ बसलेल्या माणसांचा फोटो काढला आहे. फक्त त्याचा मथळा आदिवासी जीवन दाखवणारा आहे आणि कड्याचा मथळा प्राचीन अवशेष दाखवणारा. माणसं एका सदरात, भूगोल दुसऱ्या सदरात. त्याच दरीत स्पायडर रॉक नावाचा सुमारे २३० मीटर उंच सुळका आहे. नावाहो परंपरेत ते स्पायडर वुमनचं घर आहे आणि तिनंच त्यांना विणकाम शिकवलं. सुळका आणि माग ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. ओ'सुलिव्हनच्या मोहिमेतले हे दोन फोटो शेजारी ठेवले की ती गोष्ट कुठे कापली गेली ते दिसतं.

म्हणून एखाद्या लँडस्केपमध्ये माणूस दिसला नाही की लगेच ‘पुसला’ असं लिहू नका. त्याच छायाचित्रकाराच्या त्याच प्रवासातली बाकीची चित्रं शोधा. माणूस बहुतेक वेळा सापडतो, शेजारच्या खोक्यात.

हे फक्त तिकडचं नाही. आपल्या मुंबईत विल्यम जॉन्सन या छायाचित्रकारानं १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंडांचं पुस्तक काढलं. दुसरा खंड महाराष्ट्राचा आहे. त्यातली कित्येक चित्रं जोडकाम आहेत. माणसांचे फोटो वेगळे घेतले, जागेचे वेगळे, आणि नंतर माणसं कापून देखाव्यावर बसवली. नीट बघितलं तर उजेडाची दिशा जुळत नाही, पाय जमिनीला टेकल्यासारखे वाटत नाहीत. ओ'सुलिव्हनकडे जे दोन सदरांत विभागलं होतं ते जॉन्सननं कात्री आणि खळीनं पुन्हा जोडलं, आणि जोडताना सांधा उघडा पडला. मराठी दृश्यसंस्कृतीवर काम करायचं असेल तर हे दोन खंड तुमच्या यादीत हवेतच. माझ्या मते या पुस्तकावर मराठीत अजून पुरेसं लिहिलं गेलेलं नाही, विषय शोधत असाल तर बघा.

आता ‘प्रिंट’ या शब्दाकडे येऊ. आपण फोटो आणि प्रिंट हे शब्द अदलाबदल करून वापरतो, आणि तिथे समीक्षा घसरते. अ‍ॅडम्स स्वतः निगेटिव्हची तुलना संगीताच्या लिपीशी आणि प्रिंटची तुलना सादरीकरणाशी करत. आपल्या भाषेत निगेटिव्ह ही बंदिश आणि प्रिंट ही त्या दिवशीची मैफल. त्यांचं सगळ्यात गाजलेलं चित्र, न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र, याच्या त्यांनी आयुष्यभरात १,३०० च्या आसपास प्रिंट्स काढल्या असं धरलं जातं. सुरुवातीच्या प्रिंट्समध्ये आकाश करडं आहे, त्यात पातळ ढग दिसतात. पुढे १९४८ मध्ये त्यांनी निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक प्रक्रिया केली. नंतरच्या प्रिंट्समध्ये आकाश गडद होत होत जवळपास काळं झालं, वरचे ढग गेले आणि दफनभूमीतले पांढरे क्रूस झळकायला लागले.

तुम्ही ‘मूनराइज’वर लिहिताय असं म्हणालात तर माझा पहिला प्रश्न असेल: कुठली प्रिंट? मला सुरुवातीच्या जास्त आवडतात. त्यांत एका साध्या गावाची संध्याकाळ आहे. घरं, चर्च, झुडपं, आणि आता कुणीतरी दिवा लावेल असं वाटतं. नंतरच्या प्रिंट्समध्ये तेच गाव स्मारक होतं. क्रूस इतके उजळतात की जिवंत घरं मागे पडतात. भिंतीवर लावायला नंतरचीच प्रिंट जास्त चालणार, हेही खरं. पौड रस्त्यावरच्या कॅफेतलं काळं आकाश या घराण्यातलं आहे, बनवणाऱ्याला अ‍ॅडम्सचं नाव माहीत असो वा नसो.

या चित्राच्या तारखेची कथाही पद्धतिशास्त्रासाठी उत्तम आहे. अ‍ॅडम्सना साल नक्की आठवत नव्हतं, वेगवेगळ्या ठिकाणी वेगळी सालं छापली गेली. १९८१ मध्ये डेव्हिड एल्मोर या खगोलशास्त्रज्ञानं चंद्राच्या स्थानावरून हिशोब करून ३१ ऑक्टोबर १९४१ ही तारीख काढली. १९९१ मध्ये डेनिस डी चिको यांनी तो हिशोब पुन्हा तपासला आणि १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटं इथपर्यंत वेळ आणली. फोटो काढणाऱ्याच्या आठवणीपेक्षा चंद्र आणि डोंगर जास्त भरवशाचे निघाले. ‘कालातीत’ म्हणून विकल्या गेलेल्या चित्राला आज मिनिटापर्यंत वेळ आहे, हे मला फार आवडतं.

जागेवर परत जाऊन तपासण्याची पद्धत आहे, तिला पुनर्छायाचित्रण म्हणता येईल. १९७७ ते १९७९ या काळात मार्क क्लेट, एलेन मँचेस्टर, जोअ‍ॅन व्हरबर्ग आणि त्यांच्या साथीदारांनी एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षणांची शंभरावर ठिकाणं शोधून, जुन्या कॅमेऱ्याच्या नेमक्या जागेवर कॅमेरा लावून पुन्हा फोटो काढले. १९८४ मध्ये त्याचं पुस्तक आलं. यूटामधल्या विचेस रॉक्स नावाच्या खडकांचा ओ'सुलिव्हननं १८६९ मध्ये काढलेला फोटो तपासताना कळलं की त्यानं कॅमेराच तिरका धरला होता. त्यामुळे उतार वेगळा भासतो आणि खडक जास्त नाट्यमय दिसतात. शंभर वर्षं ज्या चित्राला लोक भूगर्भाचा पुरावा मानत होते, त्यात ही करामत होती. कुणाच्या सिद्धांतातून हे कळलं नसतं. तिथे जाऊन उभं राहावं लागलं.

तुम्हाला अ‍ॅरिझोनाला जायची गरज नाही. हेच मुळशीत करता येतं, आणि इथे एक अडचण आहे जी तिकडच्या पुस्तकांत सापडणार नाही. ती म्हणजे शेंदूर.

आपल्याकडे खडक पवित्र असतो तो बऱ्याचदा उंच किंवा भव्य असल्यामुळे नाही. डोक्याएवढा, गुडघ्याएवढा अनघड दगड, त्याला शेंदूर लावला की तो देव. देवीचा असेल तर तांदळा. शेंदूर निघून गेला तर परक्या माणसाला तो बेसॉल्टचा एक धोंडा दिसेल. म्हणजे इथे पावित्र्य रंगात आहे आणि तो रंग कुणीतरी हातानं पुन्हा पुन्हा लावलेला आहे. आता काळ्यापांढऱ्या छायाचित्रणात काय होतं बघा. एकोणिसाव्या शतकातली ओल्या कोलोडियनची काच निळ्या प्रकाशाला संवेदनशील होती, तांबड्या-नारिंगीला जवळजवळ आंधळी. त्या काचेवर शेंदूर काळा उमटणार आणि काळ्या बेसॉल्टमध्ये मिसळून जाणार. विसाव्या शतकातल्या सगळे रंग टिपणाऱ्या फिल्मवर आकाश गडद करायला छायाचित्रकार लाल फिल्टर लावतात. त्या फिल्टरनं शेंदूर उलट फिका, राखाडी-पांढरा होतो, चुना लागल्यासारखा. आज मोबाईलवर नाहीतर संगणकावर रंगीत फोटो काळापांढरा करताना नारिंगीची पट्टी कुठे सरकवली यावर देव दिसणार की धोंडा, हे ठरतं. आकाश नाट्यमय व्हावं म्हणून घेतलेला निर्णय दगडाचं देवपण काढून घेतो, आणि काढणाऱ्याच्या मनात तसं काही नसतंही. म्हणून मी मघाशी टप्पा नेमका सांगा म्हणाले. या उदाहरणात वाटणी फिल्टरमध्ये झाली.

कांडोळाचंही तसंच. त्या पांढऱ्या खोडाला खाच पाडून डिंक काढतात, कराया डिंक म्हणून तो बाजारात जातो. प्रिंट मोठी करून बघा. खोडावर जुन्या खाचांचे व्रण असतील तर ते एकाकी झाड कुणाच्या तरी रोजीरोटीशी जोडलेलं आहे. पण फ्रेम करणाऱ्याला एकटेपणा विकायचा असतो, त्याला व्रण पोत म्हणून चालतात, काम म्हणून चालत नाहीत.

कुणी म्हणेल, भिंतीवरच्या चित्राबद्दल एवढी चिरफाड कशाला? लँडस्केपवाल्यानं समाजशास्त्र का करावं? आक्षेप रास्त आहे, आणि भिंतीपुरता मला मान्यही आहे. पण या प्रिंट्स भिंतीवर थांबत नाहीत. कार्लटन वॉटकिन्स यांनी १८६१ मध्ये योसेमिटी दरीचे भल्यामोठ्या काचांवर फोटो काढले. ते पूर्वेकडे पोचले आणि ३० जून १८६४ रोजी लिंकन यांनी ती दरी राखीव करणाऱ्या कायद्यावर सही केली. त्या निर्णयामागे या चित्रांचा हात होता असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. दरी वाचली, हे चांगलंच झालं. पण चित्रांत जी निर्मनुष्य दरी दिसते तिच्यातल्या आवानीची लोकांवर १८५१ मध्येच सशस्त्र पलटण घातली गेली होती. रिकामी दिसणारी जागा रिकामी केलेली होती. १८५१ आधी ठेवा आणि १८६१ नंतर, म्हणजे चित्र वेगळं वाचलं जातं. विल्यम क्रोनन यांचा १९९५ चा ‘वाइल्डरनेस’वरचा निबंध याच मुद्द्यासाठी वाचा. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये तो कुणीही घालतं, वाचतात कमी.

आता आमच्या मुळशीत या. इथे सगळ्यात जास्त टिपला जाणारा देखावा म्हणजे मुळशीचं पाणी: धुकं, मागे डोंगर, शांत निळसर पसारा. फोटोंखाली सर्रास ‘लेक’ लिहिलेलं असतं, जणू ते तिथे कायमचंच होतं. ते टाटांचं धरण आहे. त्याच्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, आणि त्या पाण्याखाली गावं, भातखाचरं गेली, गावांसोबत त्यांची देवस्थानंही गेली. त्या प्रिंटच्या मथळ्यात एक शब्द बदलला, ‘तलाव’ऐवजी ‘धरण’ लिहिलं, तरी चित्र बदलतं. देवराईचं उलट आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७६ मध्ये ‘इकॉनॉमिक बॉटनी’ या नियतकालिकात पश्चिम घाटातल्या देवरायांवर जो लेख लिहिला, त्यातून दिसतं की ही झाडं गावांनी देवाच्या धाकानं आणि नियमांनी राखली. ‘माणसाचा स्पर्श न झालेलं जंगल’ असा मथळा देवराईच्या प्रिंटखाली आला, तर तो सरळसरळ चुकीचा आहे. आणि त्याचा फायदा दोघं घेऊ शकतात: गावाला आत येऊ नका सांगणारा, आणि इथे कुणी नाहीच म्हणून प्लॉट पाडणारा. कासार आंबोली ते पौड या पट्ट्यात सातबारा किती वेगानं हात बदलतोय हे बघितलं की दुसरी शक्यता मला जास्त जवळची वाटते.

मग काय, प्रत्येक फ्रेममध्ये पुजारी उभा करायचा का? नाही. ऑस्ट्रेलियातल्या उलुरूचं उदाहरण घ्या. तो प्रचंड लाल खडक १९८५ मध्ये अनांगू लोकांना कायद्यानं परत मिळाला, आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून त्यावर चढणं बंद झालं. तिथे काही भागांचे फोटो काढू नका अशी त्यांची विनंती असते, कारण खडकाच्या त्या खुणा त्यांच्यासाठी धर्मग्रंथासारख्या आहेत आणि त्या त्याच जागी बघायच्या असतात. इथे चित्रात नसणं हा त्या लोकांचाच निर्णय आहे. म्हणजे गैरहजेरी दोन प्रकारची असू शकते: दुसऱ्यानं काढून टाकलेली आणि स्वतः मागितलेली. प्रिंटवरून दोन्ही सारख्याच दिसतात. फरक कळतो तो फक्त मथळ्यातून, पत्रव्यवहारातून किंवा विचारून.

फिल्डवर जाणार असाल तर एवढं करा. देवस्थानाचा फोटो आधी रंगीत काढा आणि तसाच जपून ठेवा, काळापांढरा करायचा तर त्याची वेगळी प्रत करा आणि कुठला रंग किती गडद-फिका केला ते लिहा. कॅमेरा कुठे उभा होता त्याची खूण ठेवा, शक्यतो न हलणाऱ्या दगडाच्या संदर्भानं, म्हणजे दहा वर्षांनी दुसरं कुणी तिथे उभं राहू शकेल. ऋतू लिहा, नाहीतर तुमचा कांडोळ पण वाळवंटात जाईल. फ्रेमच्या बाहेर डावीकडे-उजवीकडे काय होतं ते दोन ओळींत लिहा: पत्र्याची शेड, बोअर, जत्रेची कमान, जे असेल ते. आणि गुरवांना किंवा गावातल्या थोरल्या माणसांना आधी विचारा, “मामा, देवाचा फोटो काढला तर चालेल का?” नाही म्हणाले तर कॅमेरा पिशवीत. त्या पानावर फोटोच्या जागी तारीख, ठिकाण आणि त्यांनी सांगितलेलं कारण, त्यांच्याच शब्दांत.